हर्बल स्लिमिंग गोळीची टेस्ट करताना नेमकं काय बघतात?

वजन कमी करायच्या हर्बल गोळ्यांबद्दल सगळे विचारतात फरक पडतो का, पण लॅबमधे त्याआधीचा प्रश्न असतो, लेबलवर नाव आहे तीच वनस्पती आत आहे का? हा प्रश्न किरकोळ वाटतो पण नाहीये. १९९० च्या सुमाराला बेल्जियममधे एका स्लिमिंग उपचारात स्टेफानिया या औषधी वनस्पतीच्या जागी चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि शंभरावर लोकांच्या, बहुतेक बायकाच, किडन्या खराब झाल्या, काहींना तर पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला.

वनस्पती ओळखायला मायक्रोस्कोप आहे, डीएनए टेस्ट आहे. पण गोळीत बऱ्याचदा पाल्याची पावडर नसते, अर्क असतो, आणि अर्क काढताना डीएनए तुटून जातो, मग ती टेस्ट काही सांगू शकत नाही, तिथे रासायनिक फिंगरप्रिंटच, म्हणजे त्या वनस्पतीत कोणकोणती रसायनं किती प्रमाणात असतात त्याचा नमुना, बघावं लागतं.

दुसरी गोष्ट प्रमाण. गार्सिनियाच्या (कोकमाच्या जातीतलं एक फळ) गोळीत त्याचा मुख्य घटक हायड्रॉक्सीसिट्रिक अ‍ॅसिड किती, ग्रीन टीच्या अर्कात ईजीसीजी हा त्यातला मुख्य घटक किती, हे एचपीएलसी मशीनवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात. लेबलपेक्षा कमी निघालं तर पैसे वाया, पण जास्त निघालं तर ते जास्त वाईट, कारण सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेतलं तर लिव्हरवर ताण आल्याच्या खुणा दिसतात असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मधे सांगितलंय.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या गोष्टीची, म्हणजे लेबलवर नसलेलं पण आत असलेलं औषध. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो म्हणून २०१० मधे अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून गेलं, पण 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेल्या गोळ्यांत ते त्यानंतरही वारंवार सापडलंय, कधी त्याच्यासोबत फिनॉल्फथॅलिन, जे जुनं जुलाबाचं औषध. आता होतं काय की लॅबने फक्त ईजीसीजी मोजायला मशीन लावलं असेल तर सिब्युट्रामिन समोर असूनही रिपोर्टात येणारच नाही. त्याला मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूंच्या वजनावरून ते ओळखायची पद्धत, लागते, आणि भेसळ करणारे रेणूत थोडासा बदल करतात म्हणजे ठरलेल्या यादीतून तो निसटतो, म्हणून यादीबाहेरचंही शोधावं लागतं. शिवाय भेसळ हाताने मिसळलेली असेल तर एका कॅप्सूलमधे भरपूर आणि शेजारचीत जवळपास काहीच नाही असंही होऊ शकतं, त्यामुळे एकच कॅप्सूल तपासून भागत नाही.

म्हणून कंपनी 'लॅब टेस्टेड' म्हणाली की रिपोर्ट मागा आणि तीन गोष्टी बघा, बॅच नंबर तुमच्या डब्याशी जुळतो का, लॅब स्वतंत्र आहे का, आणि लपवलेल्या औषधांची तपासणी केलीय का. बऱ्याच रिपोर्टात जड धातू आणि बॅक्टेरिया एवढंच असतं, ते ठीक आलं तरी सिब्युट्रामिनबद्दल त्यातून काहीच कळत नाही.