सुवार्ता सांगायची पण नम्रपणे, ही रीत मुळात आली कुठून?

"साक्ष द्या, पण नम्रतेने द्या", म्हणजे आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल दुसऱ्यांना सांगा पण नम्रपणे, हे हल्ली इतक्या वेळा कानावर येतं की ही आजच्या काळाला रुचावी म्हणून काढलेली नवीन टूम आहे असंच बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर सगळ्यात जुनी रीत हीच, मधे ख्रिस्ती लोकांच्या हातात सत्ता आली आणि ही रीत सुटली.

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात, 3:15 मध्ये म्हटलंय की तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला कायम तयार असा, पण सौम्यतेने द्या. हे पत्र ज्यांना गेलं ते आजच्या तुर्कस्तानाच्या भागात विखुरलेले लोक, ना त्यांच्याकडे पद ना सैन्य, वर लोकांचे टोमणे. सुरुवातीच्या काळातला प्रचारक पौल, त्याचंही तेच, अथेन्समध्ये जागोजागी मूर्ती बघून आतून खवळला होता तो, तरी अरीयपगावर, म्हणजे तिथल्या सभेपुढे, बोलायला उभा राहिला तेव्हा सुरुवात केली त्यांच्याच 'अज्ञात देवाच्या' वेदीपासून, आणि दाखला दिला तोही त्यांच्याच कवींचा. काही हसले, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. पौल निघून गेला, मागे लागला नाही.

मग 313 मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली आणि 380 मध्ये तर तो राजधर्मच झाला. इथून गाडी घसरली असं माझं मत आहे, लगेच नाही पण हळूहळू. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन, त्याने आजच्या उत्तर जर्मनीतल्या, ख्रिस्ती नसलेल्या सॅक्सन लोकांशी जे केलं ते वाचवत नाही. राजदरबाराच्या नोंदींप्रमाणे 782 मध्ये वेर्डेनला एका दिवसात 4,500 माणसं मारली, आणि पुढे कायदाच आला की बाप्तिस्मा नाकारून लपून राहील त्याला देहदंड. वर दशमांशाची, म्हणजे चर्चसाठी उत्पन्नाच्या दहाव्या भागाची, वसुली वेगळीच!

पण याच राजाचा सल्लागार अल्क्विन, त्याने 796 मध्ये पत्रांतून सरळ सांगितलं की माणूस विश्वासाकडे ओढला जाऊ शकतो, ढकलला जाऊ शकत नाही, जबरदस्तीने बाप्तिस्मा होईल पण विश्वास होणार नाही. साल्झबुर्गचा बिशप आर्नोला त्याने बजावलं, भक्तीचा प्रचारक हो, दशमांश वसूल करणारा नको. सॅक्सनांचा विश्वास या वसुलीनेच मोडला असं त्याचं स्पष्ट म्हणणं होतं. एवढ्या बलाढ्य राजाला हे लिहायला छाती लागते.

पुढे 1219, पाचवं क्रुसेड म्हणजे मुसलमानांविरुद्धचं ख्रिस्ती धर्मयुद्ध, इजिप्तमध्ये दमिएत्ता शहराला ख्रिस्ती सैन्याचा वेढा पडलेला आणि असिसीचा संन्यासी फ्रान्सिस एका सोबत्याला घेऊन निःशस्त्र इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्या छावणीत गेला. सुलतानाचं काही धर्मांतर झालं नाही, पण त्याने फ्रान्सिसला सुखरूप परत पाठवलं. दोन वर्षांनी, आपल्या संन्यासी संघाच्या 1221 च्या नियमावलीत फ्रान्सिसने मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंसाठी, म्हणजे संघातल्या सोबत्यांसाठी, दोन मार्ग लिहिले. पहिला म्हणजे वाद-भांडण करायचं नाही, देवासाठी सगळ्यांच्या अधीन राहायचं आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढं कबूल करायचं. वचन सांगणं दुसऱ्या मार्गात, तेही देवाला बरं वाटतंय असं दिसलं तर. म्हणजे आधी वागणं, मग बोलणं, आणि आपण बरेचदा नेमकं उलटं करतो.

वसाहतींच्या काळात मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, जीवही दिले, पण साहेबीपणा काही सगळ्यांचा सुटला नाही. 1910 ला एडिनबर्गच्या जागतिक मिशन परिषदेत, जिथे आशियातले प्रतिनिधी अगदी मोजके होते, तिथे भारताच्या व्ही. एस. अझरय्या यांनी तोंडावर सांगितलं की तुम्ही गरिबांसाठी मालमत्ता दिलीत, शरीरं दिलीत, आम्हाला प्रेमही हवंय, आम्हाला मित्र द्या. सभागृहात बऱ्याच जणांना ते झोंबलं. दोनच वर्षांनी हेच अझरय्या अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले.

नंतर 1965 ला कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, श्रद्धेच्या बाबतीत जबरदस्ती नको म्हणून. आणि जून 2011 मध्ये एरवी एकमेकांशी फारसं न पटणारे तिघे, व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स, यांनी मिळून साक्ष कशी द्यावी यावर एक छोटासा दस्तऐवज काढला. त्यात साक्ष देणं थांबवा असं कुठेच नाही, उलट ते आपलं भाग्य आणि आनंद आहे असंच धरलंय, पण गरिबीचा फायदा घ्यायचा नाही, आमिष दाखवायचं नाही, दुसऱ्याच्या धर्माबद्दल खोटं बोलायचं नाही हे स्पष्ट लिहिलंय. आणि धर्म बदलणं ही मोठी गोष्ट आहे, तेव्हा माणसाला नीट विचार करायला पुरेसा वेळ द्या, असंही त्यात आहे.