छंद बंदुकांचा, मग लायसन्स डीलरचं कशाला?

‘अमेरिकेत बंदुकांचा छंद असेल तर डीलरचं लायसन्स काढा, घाऊक भावात घरपोच मिळतात,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्याजोगा आहे, कारण डीलरला माल खरंच थेट येतो. पण लायसन्स कुणासाठी, हा प्रश्न मागेच राहतो.

१९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार ते धंदा करणाऱ्यासाठी आहे. स्वतःच्या संग्रहासाठी घेणारा किंवा त्यातली एखादी क्वचित विकणारा त्यात मोडत नाही. नुसत्या स्वस्ताईसाठी अर्ज केला, तर धंद्याचा खरा इरादा कुठून दाखवणार? शिवाय पहिल्या तीन वर्षांचे २०० डॉलर, आलेल्या-गेलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंदवही, जागेची तपासणी. घरून धंदा करायचा तर स्थानिक झोनिंगचे (कुठल्या भागात कोणता धंदा चालेल हे ठरवणारे) नियमही आडवे येतात, आणि गाडं तिथेच अडू शकतं.

जुन्या बंदुकांच्या संग्राहकासाठी वेगळं लायसन्स आहे: तीन वर्षांना ३० डॉलर. साधारणपणे किमान ५० वर्षं जुन्या, मूळ रूपातल्या बंदुकांना ते चालतं, धंद्याला नाही.

पडताळायचं तर अमेरिकेच्या संघीय कायद्याच्या शीर्षक १८मधलं कलम ९२१ उघडा आणि ‘धंदा करणे’ याची व्याख्या वाचा. शुल्क कलम ९२३मध्ये दिलंय.