ट्रकखाली म्यू नाही

‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ब्लू’ या व्हिडिओ गेममध्ये व्हर्मिलियन सिटीच्या बंदराजवळचा ट्रक स्ट्रेंथ ही ढकलण्याची चाल वापरून सरकवला की खाली म्यू हा दुर्मिळ पोकेमॉन सापडतो, ही अफवा पंचवीसहून अधिक वर्षं फिरते आहे. ती साफ खोटी आहे. स्ट्रेंथने फक्त मोठे दगड हलतात. ट्रक निव्वळ पार्श्वभूमीचं चित्र आहे.

एस. एस. ॲन जहाज निघून गेलं की बंदराची वाट बंद होते आणि ट्रकपर्यंत पाण्यावरून नेणारी सर्फ ही चाल सहसा त्यानंतरच मिळते. मग पडताळायला जाणार कोण? पुढे ‘रेड’च्या ‘फायररेड’ या नव्या आवृत्तीत तिथे लाव्हा कुकी नावाची एक वस्तू ठेवली गेली, एवढंच.

म्यू मात्र गेममध्ये खरोखर होता. चाचणीची साधनं काढल्यावर मोकळ्या झालेल्या सुमारे ३०० बाइट जागेत गेमचे प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी तो अगदी शेवटी बसवला. अधिकृतपणे तो केवळ खास वाटपातून मिळायचा. ज्या खेळाचा गाभाच संग्रह आहे, त्यात १५१वा पोकेमॉन असा हाताबाहेर ठेवणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

२००३च्या सुमारास एक बग सर्वांना कळला: गेममधल्या ट्रेनरची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची, नजर पडते त्याच क्षणी मेनू उघडून फ्लाय या उडण्याच्या चालीने निसटायचं, ठरावीक ट्रेनरशी लढायचं आणि परतायचं. सेरुलियन शहराच्या उत्तरेला म्यू समोर येतो, तेही ट्रकला हात न लावता.