पंपरूमचं अलार्म पॅनेल: वायर तुटली तरी वाजायलाच हवं

मुंबईत पाण्याचे पंप, फायर पंप आणि त्यांची इलेक्ट्रिक पॅनेलं बऱ्याच इमारतींमध्ये तळघरात असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, पण तळघर भरायला एवढा पाऊस लागत नाही. भरतीच्या वेळी गटारांचं पाणी समुद्राकडे ओसरत नाही. तेव्हाच तळघरातलं पाणी बाहेर काढणाऱ्या उपसा पंपाचा फ्लोट (पाण्याबरोबर वर उचलला जाऊन पंप चालू करणारा तरंगता स्विच) अडकला, तर जुलैतली एक साधी रात्र पुरते.

अलार्म पॅनेल हे वेळेत सांगतं. प्रत्येक बिघाडासाठी त्यावर एक खिडकी असते. बिघाड झाला की तिचा दिवा लुकलुकतो आणि हूटर वाजतो. ‘ॲक्नॉलेज’ दाबल्यावर हूटर थांबतो, पण दिवा स्थिर पेटून राहतो. बिघाड दूर झाल्यावर ‘रीसेट’ केलं की तो विझतो.

पॅनेलचा भरवसा त्याच्या वायरिंगवर आहे, आणि चूकही बहुधा तिथेच होते. सगळं ठीक असताना सर्किट जोडलेलं असावं आणि बिघाड झाल्यावर ते तुटावं. मग उंदराने वायर कुरतडली किंवा खाऱ्या दमट हवेने टर्मिनल गंजून सुटलं, तरी अलार्म वाजतो. उलट जोडणी केली तर वायर तुटल्याचं कुणालाच कळत नाही आणि पाणी चढलं तरी पॅनेल गप्प राहतं. तीन वायरींच्या फ्लोटमध्ये दोन्ही प्रकारे जोडायची सोय असते. फ्लोट खाली लोंबत ठेवून मल्टीमीटर लावा आणि कंटिन्युइटी, म्हणजे सर्किट जोडलेलं असल्याचं, दाखवणारी जोडी निवडा.

तरी एक फट उरते. जंक्शन बॉक्समध्ये दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर पॅनेलला सगळं ठीकच दिसतं. त्यासाठी लाइनच्या शेवटी रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, लावतात. पॅनेलला तो अडथळा दिसला तर ठीक, सर्किट तुटलं तर अलार्म आणि शॉर्ट झालं तर ‘लाइन फॉल्ट’. तशी सोय असलेलंच पॅनेल घ्या. हा रेझिस्टर फ्लोटजवळच्या बॉक्समध्ये बसायला हवा. सोपं पडतं म्हणून तो पॅनेलमध्येच बसवला, तर मधल्या वायरींवर लक्ष राहत नाही.

उपसा पंप चालू करणारा फ्लोट आणि अलार्मचा फ्लोट वेगळे असावेत. अलार्मचा फ्लोट १५ ते २० सेंटीमीटर वर, पाइप आणि केबलपासून लांब बांधा. पाण्याच्या हेलकाव्याने उगाच वाजू नये म्हणून १० सेकंदांचा विलंब ठेवा. उगाच वाजणाऱ्या हूटरची वायर कुणीतरी एक दिवस काढून टाकतंच.

थ्री-फेज मोटरचा एक फेज चालू असताना गेला, तर ती बंद पडतेच असं नाही. उरलेल्या दोन फेजमधला करंट साधारण पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग जळतं. इथे पॅनेलवर विसंबू नका. एक फेज गेल्यावर पंपाची वीज तोडण्याचं काम स्टार्टरमधल्या सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचं, पॅनेलने फक्त कळवायचं. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, त्यामुळे भूमिगत टाकी रिकामी होणं नवं नाही. कोरड्या चाललेल्या पंपाचं सील थंड ठेवायला पाणी नसतं. म्हणून तिथला फ्लोट पंप बंदही करेल आणि कळवेलही, अशी जोडणी हवी. एक खिडकी फायर पंपाचा स्विच ‘ऑटो’वर नसल्याची ठेवाच. देखभालीनंतर तो ‘मॅन्युअल’वरच राहतो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

पॅनेल तळघरात नको, वॉचमनच्या केबिनमध्ये हवं. मोबाइलवर संदेश पाठवणारं यंत्रही वरच बसवा, खाली रेंज मिळत नाही. पॅनेलला २४ व्होल्टचा डीसी पुरवठा आणि ७ अँपिअर-तासाच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये द्या. पाव अँपिअर भारावर त्या हिशेबाने २८ तास चालतात, पण जुन्या झाल्या की निम्मेच धरा. खिडक्यांशेजारी मराठी-हिंदीत काय करायचं आणि कुणाला फोन करायचा ते लिहा. त्यात पहिली ओळ ही असू द्या: वीज तोडल्याची खात्री झाल्याशिवाय पाणी भरलेल्या तळघरात उतरू नये.

‘टेस्ट’ बटणाने दिवे आणि हूटर तेवढे तपासले जातात. मे महिन्यात प्रत्येक फ्लोट हाताने उचलून पाहा, एक वायर सोडवून पाहा, दोन वायरी क्षणभर जोडून पाहा. मग मेन बंद करून तीच तपासणी बॅटरीवर पुन्हा करा.