माशाच्या तोंडातली ‘अळी’ आणि पाय मोजणारी माणसं

गेल्या आठवड्यात एकच फोटो मला पाच-सहा जणांनी पाठवला. माशाचं उघडं तोंड, आणि जिभेच्या जागी काळ्या डोळ्यांचा एक पांढुरका जीव. खाली मजकूर: ‘ही अळी पोटात गेली तर माणूस वाचत नाही, सगळ्यांना कळवा.’ फोटो खरा आहे, मजकूर सपशेल खोटा. तो जीव अळी नाही. खेकडे-कोळंबीच्या गोतावळ्यातला, म्हणजे कवचधारी प्राणी आहे. नाव सायमोथोआ एक्झिग्वा. त्याची मादी माशाच्या जिभेला धरून बसते आणि रक्त पिते. हळूहळू जीभ वाळते आणि उरलेल्या खुंटाला धरून मादीच जिभेची जागा घेते. ब्रुस्का आणि गिलिगन यांनी १९८३ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. माणसाच्या पोटात हा जीव संसार थाटू शकत नाही. कुणाला अपशकुन वाटो नाहीतर शाप, मासा मात्र या जिवासकट पोहतो आणि खातो.

तरी ‘अळी’ म्हणणाऱ्याला मी फार दोष देणार नाही. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणारा खुद्द लिनियस या बाबतीत चकला होता. माशांच्या अंगात रुतून राहणाऱ्या लर्निया नावाच्या जिवांना त्याने १७५८ मध्ये कृमींच्या गटात घातलं. दिसायला ते तसेच होते: मऊ, लांबट, ना पाय ना डोळे. अंडी फुटून बाहेर काय येतं हे पाहिल्यावर कोडं सुटत गेलं. नॉर्डमन या प्राणिशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये अशा परजीवींच्या पिल्लांची बारकाईने चित्रं काढली. ती पिल्लं हुबेहूब पाण्यात स्वैर फिरणाऱ्या सायक्लॉप्स या बारीक कवचधारी जिवाच्या पिल्लांसारखी होती. आई कृमीसारखी, पण लेकरं कोपेपॉडची! कोपेपॉड म्हणजे सायक्लॉप्ससारख्या बारीक कवचधारी जिवांचा गट; नावाचा अर्थ वल्ह्यासारखे पाय असलेला. आज त्यांच्या १३ हजारांच्या आसपास जाती नोंदल्या आहेत आणि त्यांतला मोठा हिस्सा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर किंवा अंगात राहतो. मासे, प्रवाळ, स्पंज, शिंपले, समुद्रकाकड्या, कुणालाच त्यांनी सोडलेलं नाही. त्यांतले कित्येक पोशिंद्याचं फारसं नुकसान करत नाहीत, नुसते सोबतीला असतात.

यांतला माझा सर्वांत लाडका जीव म्हणजे लर्निओसेरा ब्रँकिआलिस. त्याला दोन पोशिंदे लागतात. पिल्लू आधी एखाद्या चपट्या माशाच्या कल्ल्यांवर उतरतं आणि कपाळातून निघालेल्या एका धाग्याने स्वतःला तिथे बांधून घेतं. तिथेच ते वाढतं, नर-मादीचं मीलनही तिथेच होतं. फलित झालेली मादी मग तो मासा सोडते आणि कॉडच्या कुळातला मासा गाठते. त्याच्या कल्ल्यांच्या पोकळीत शिरून ती डोकं आत खुपसते, ते हृदयाकडून येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत. आत गेलेल्या डोक्याला सांबराच्या शिंगांसारखे फाटे फुटतात. आता तिला कुणी उपटू शकत नाही. बाहेर राहिलेलं धड रक्ताने भरत जातं, फुगतं, वळतं. काही मिलिमीटरची चपळ मादी काही सेंटिमीटरची लालभडक पिशवी होते.

इथे शाळेत शिकलेली एक गोष्ट आठवा. कवचधारी प्राण्याला वाढायचं तर कात टाकावी लागते, कारण कवच ताणलं जात नाही. लर्निओसेराची मादी मात्र शेवटची कात टाकून झाल्यावर एवढी वाढते! तिच्या कवचाचा सर्वांत वरचा पातळ थर चुण्या घातलेल्या कापडासारखा असतो आणि धड फुगू लागलं की त्या चुण्या उलगडतात. पण पोहण्याचे पाय काही वाढत नाहीत. ते होते तेवढेच, मानेपाशी, त्या अवाढव्य पिशवीवर जवळजवळ न दिसण्याइतके बारीक राहतात. ही पिशवी मुळात कोण होती, हे सांगणारा पुरावा म्हणजे ते पाय.

म्हणूनच या विषयात शिरणाऱ्या विद्यार्थ्याला सगळ्यात आधी पाय पाहायला शिकवतात. नमुना लॅक्टिक आम्लात ठेवला की आतलं मांस पारदर्शक होतं आणि कवचाच्या कडा उठून दिसतात. मग आम्लाच्या एका थेंबात, अतिशय बारीक सुयांनी, एकेक पाय सुटा करायचा. ह्यूम्स आणि गुडिंग यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती आजही वापरतात: मधोमध भोक असलेली लाकडी पट्टी, भोकावर आच्छादन काच, आणि काचेच्या खालच्या बाजूला लोंबणारा थेंब. थेंबातला पाय हवा तसा वळवून बघता येतो. पायाच्या प्रत्येक खंडावरचे काटे आणि केस मोजून त्याचं सूत्र लिहायचं, काटे रोमन आकड्यांत, केस साध्या आकड्यांत, बाहेरच्या कडेकडून आत. एका मोठ्या गटात पहिल्या पायाची बाहेरची शाखा बहुधा अशी असते: पहिल्या खंडाला बाहेरून एक काटा, आत काही नाही, दुसऱ्याला बाहेरून एक काटा, आतून एक केस, तिसऱ्याला बाहेरून तीन काटे, टोकाला एक, आणि आतून चार केस. असे चार पाय, प्रत्येकाच्या दोन शाखा, शिवाय स्पर्शिका आणि मुखांगं. एक केस तुटून पडला आहे की मुळातच नव्हता, हे त्याच्या खोबणीवरून ओळखायचं. हे वाचून येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसून, पन्नास पाय बिघडवल्यावर येतं.

मोजण्यात चूक झाली तर ती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसते. सॅमन माशावरच्या उवेच्या (हीसुद्धा कोपेपॉडच) वाढीत धाग्याने बांधलेल्या चार अवस्था असतात, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०१३ मध्ये हामरे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अवस्था दोनच आहेत. एकाच अवस्थेत पिल्लू बरंच वाढतं, आणि लहान-मोठ्या आकारांना आपण वेगळ्या अवस्था समजत होतो. ही ऊ म्हणजे मत्स्यशेतीची मोठी डोकेदुखी, तिच्यावर संशोधकांची फौज काम करते. तिथे ही गत, तर प्रवाळावरच्या अनाम कोपेपॉडकडे कोण बघणार?

‘आता डीएनए काढा, यंत्र नाव सांगेल’ असं उत्साहाने म्हटलं जातं. डीएनए अतिशय उपयोगी आहे. कवच शाबूत ठेवूनही तो काढता येतो. पण यंत्र आपला क्रम नोंदवलेल्या क्रमांशी जुळवतं, आणि त्या क्रमांना नाव आधी कुणीतरी पाय मोजूनच दिलेलं असतं. शिवाय रक्तपिपासू जिवाच्या आतड्यातून कधीकधी माशाचाच डीएनए हाती लागतो. जाणकार निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी कुणी येत नाही, ही चिंता जुनी आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९० च्या दशकात यासाठी ‘पीट’ नावाची योजना आणली: दुर्लक्षित गटांच्या तज्ज्ञांना पैसा द्यायचा, आणि त्यांनी नवे विद्यार्थी तयार करायचे. अशा योजना मला मोठ्या उपकरणांच्या खरेदीपेक्षा जास्त मोलाच्या वाटतात.

शिकाऊ हाताकडून होणारी एक चूक तर फार महागात पडते. कॉन्ड्राकँथस हा परजीवी कोपेपॉड आणि त्याचे भाऊबंद यांच्या माद्या माशांच्या तोंडात, कल्ल्यांत राहतात. बाटलीतून काढलेली मादी श्लेष्माने माखलेली असते आणि शेपटाकडच्या भागावर एक बारीक कण चिकटलेला दिसतो. कुंचल्याने तो झटकून टाकावासा वाटतो. शिकवणारे तेवढ्यात हात धरतात आणि तो कण सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायला लावतात. भिंग वाढवत नेलं की आधी एक फुगीर पाठ दिसते, मग मादीच्या कातडीत घट्ट रुतलेल्या दोन आकड्या. तो तिचा नर असतो.