मांडीचं हाड, नडगी आणि 'ओक्लाहोमा'

रहस्यकथेतला फॉरेन्सिक तज्ज्ञ मांडीचं हाड हातात घेतो आणि मृताची उंची सांगून मोकळा होतो. त्यामागचं गणित बरंचसं युद्धात मेलेल्यांच्याच हाडांवर बसवलेलं आहे. १९४८ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर हवाईतल्या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत आल्या. ओळख पटलेल्या सैनिकांची हाडं मोजून त्यांनी ती भरतीच्या वेळी नोंदलेल्या उंचीशी ताडली. गोऱ्या पुरुषांसाठीचं त्यांचं १९५२चं सूत्र असं : मांडीच्या हाडाची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, २.३८ने गुणा, ६१.४१ मिळवा. हाड ४५ सेंमी असेल तर उंची साधारण १६८.५. पण प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज कितीने चुकू शकतो याचं माप, ३.२७ सेंमी. उत्तराच्या दोन्ही बाजूंना एवढं अंतर सोडलं तरी तीनातला एक माणूस या पट्ट्याबाहेरच पडतो. कथेत नेमकं हेच गाळतात.

नडगीच्या हाडात तर मोठी गफलत झाली. घोट्याचा आतला उंचवटा धरून मोजल्याचं ट्रॉटर यांनी लिहिलं होतं. प्रत्यक्षात तो सोडून मोजलं होतं. त्यामुळे जो कोणी पुस्तकाप्रमाणे नीट मोजेल, त्याचं उत्तर अडीच-तीन सेंमीने जास्त येणार. हे उघड व्हायला १९९५ उजाडलं.

अर्थात उंची काढायला हाडं एकाच माणसाची असावी लागतात. पर्ल हार्बरमध्ये ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी हल्ल्यात उलटलेल्या 'ओक्लाहोमा' या युद्धनौकेवर ४२९ जण मेले. अवशेष बाहेर काढायचं काम १९४४ पर्यंत चाललं. तेव्हा पुरलेले हे अवशेष १९४७ मध्ये ओळख पटवण्यासाठी पुन्हा उकरले, तोवर सगळी सरमिसळ झाली होती. दातांच्या नोंदींवरून २७ कवट्या जुळवल्या, पण बाकीचा सांगाडा नाही म्हणून त्या ओळखी नामंजूर झाल्या आणि ओळख न पटलेले सगळे अवशेष होनोलुलूच्या पंचबोल दफनभूमीत 'अज्ञात' म्हणून पुरले गेले. २००३ मध्ये त्यातली एक शवपेटी उघडली. नावं पाच जणांची अपेक्षित होती. डीएनए निघाला नव्वदहून जास्त जणांचा.

उरलेल्या पेट्या २०१५ मध्ये काढल्या : सुमारे १३,००० हाडं. जुन्या हाडात मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीच्या केंद्रकाबाहेरचा) जास्त टिकतो, पण तो आईकडून येतो. नौकेवर तीन सख्खे भाऊ एकत्र गेले होते, तिघांचा तो सारखाच. तिथे दात, वय आणि पुन्हा उंचीचाच आधार घ्यावा लागतो. त्या तिघांची ओळख २०२१ मध्ये पटली. ज्यांची पटली नाही अशा ३३ जणांचे अवशेष त्याच वर्षी ७ डिसेंबरला पंचबोलमध्ये परत पुरले.