सोपाऱ्याचा बाहिय आणि भानावर येणं

नालासोपारा म्हटलं की आज डोळ्यांपुढे येते ती विरार लोकलची गर्दी. पण दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी हेच शूर्पारक होतं, पाली ग्रंथांतलं सुप्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथल्या स्तूपाचं उत्खनन केलं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच गावात मिळाला.

या सोपाऱ्याच्या समुद्रकिनारी बाहिय नावाचा एक साधक राहत असे. पाली ग्रंथांवरची जुनी टीका, म्हणजे अट्ठकथा, सांगते की त्याचं जहाज फुटलं, फळीच्या आधाराने तो किनाऱ्याला लागला आणि अंगावर वस्त्र उरलं नाही म्हणून झाडाची साल गुंडाळून राहिला. लोक त्याला अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला, मानू लागले. आपण खरोखर तसे आहोत का, या शंकेने तो थेट श्रावस्तीला गेला. बुद्ध तेव्हा भिक्षेसाठी गावात निघाले होते. ‘ही वेळ नव्हे’ असं त्यांनी दोनदा सांगितलं. बाहिय हटला नाही. तिसऱ्यांदा विनवल्यावर रस्त्यातच त्याला उपदेश मिळाला: ‘दिट्ठे दिट्ठमत्तं भविस्सति, सुते सुतमत्तं भविस्सति.’ पाहण्यात फक्त पाहिलेलं असू दे, ऐकण्यात फक्त ऐकलेलं. पुढे अशाच आणखी दोन-चार ओळी, आणि झालं.

मी दापोली तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ध्यानावर बरंच वाचलं, दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरालाही बसले, आणि तरी फिरून फिरून मी कोकणातल्या या माणसाला मिळालेल्या ओळींपाशीच येते. ऐकण्यात फक्त ऐकलेलं असू देणं किती अवघड आहे, ते मला एका पत्र्याने शिकवलं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यात दापोली-मंडणगडही सापडलं. आमच्या वाडीतले माड, पोफळी, आंब्याची जुनी झाडं मुळासकट आडवी झाली. त्यानंतर दोन पावसाळे तरी, गोठ्यावरचा सैल पत्रा रात्री वाऱ्याने वाजला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. कानावर पडत होती ती नुसती खडखड. छप्पर उडणार, उरलेली कलमं जाणार, पुन्हा नव्याने उभं राहायचं वय आता आहे का, हे सगळं मी त्यात घालत होते. आणि ते मी घालतेय, हे मला कळतच नव्हतं.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग असतो. धोक्याची चाहूल लागली की विचार पुरा होण्याआधीच तो शरीराला तयार करतो: हृदय धडधडतं, स्नायू ताठ होतात. समुद्रात किंवा रानात ही घाई जीव वाचवते. पण जुन्या धोक्याशी जोडलेला साधा आवाजही तिला पुरतो. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली. त्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं, की अमिग्डलाची हालचाल कमी झालेली दिसली आणि कपाळामागचा, विचार करणारा भाग जागा झालेला दिसला. भावनेची नोंद घेणं आणि भावनेत वाहून जाणं या दोन गोष्टी मेंदूतही वेगळ्या दिसतात. मी अंथरुणात पडल्या पडल्या तेवढंच करू लागले. पत्रा. भीती. छातीत धडधड. पोटात गोळा. पहिल्या रात्री फरक पडला नाही. फरक पडायला एक पावसाळा गेला.

पत्र्याचं तरी वेगळं, एरवी मन कुठे असतं? २०१० मध्ये हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० लोकांना दिवसभरात मधूनच फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, आणि कसं वाटतंय? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि ते भटकलेलं असताना लोक कमी आनंदी होते. सुखद गोष्टीकडे भटकलं तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त आनंद मिळत नव्हता. मेंदू रिकामा असतानाही स्वस्थ बसत नाही, हे तोवर माहीत झालेलं होतं. काही करत नसताना जागं होणारं एक जाळं मार्कस राइकल यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं होतं. ‘माझं काय झालं, माझं काय होणार’ ही रवंथ चालते त्यात या जाळ्याचा मोठा वाटा असतो.

आता आमच्या शेजारच्या मावशींचं सांगते. त्या हर्णै बंदरावर मासे विकतात. एकदा पडवीत बसून कोळंबी सोलत होत्या. डोकं पिळून वेगळं करायचं, कवच सोडवायचं, पाठीतला काळा दोरा ओढायचा, की पुढची. मी ध्यानाचं काहीतरी बोलले तर म्हणाल्या, “बाई, ते तुमचं ध्यान आमच्यासारखीला नाय जमायचं. मी डोळे मिटले की मला बाजारच दिसतो.”

“मावशी, बाजार दिसतोय हे तुम्हाला कळलं ना?”

“कळलं की.”

“मग जमलं. आता परत श्वासावर यायचं.”

त्यांना वाटलं मी समजूत काढतेय. तसं नव्हतं. ध्यान म्हणजे मन रिकामं करणं, या गैरसमजापायी किती माणसं पहिल्या आठवड्यात सोडून देतात! आनापानात, म्हणजे श्वास नुसता पाहण्याच्या ध्यानात, तो मुद्दाम लांबवायचाही नसतो, तो प्राणायामाचा प्रांत. श्वास लांब असेल तर ‘लांब आहे’ हे जाणायचं, आखूड असेल तर ‘आखूड आहे’ हे जाणायचं. मन पळणार. ते पळाल्याचं लक्षात येणं, हाच व्यायाम.

अटलांटातल्या एमोरी विद्यापीठात वेंडी हेसनकॅम्प यांनी २०१२ मध्ये नेमका हाच क्षण पकडला. ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना स्कॅनरमध्ये श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं, आणि मन भटकल्याचं लक्षात येताच बटण दाबायला. त्यातून एक फेरा दिसला. मन भटकत असताना राइकल यांचं ते रवंथाचं जाळं जागं. लक्षात आलं त्या क्षणी, ‘हे महत्त्वाचं आहे’ अशी खूण करणारे भाग उजळले. मग लक्ष वळवून आणणारे. मग काही काळ श्वास, आणि पुन्हा फेरा. म्हणजे मावशींचं मन वीस मिनिटांत चाळीस वेळा बाजारात गेलं आणि चाळीस वेळा त्यांच्या लक्षात आलं, तर त्यांचा चाळीस वेळा सराव झाला.

मराठीत या क्षणाला आयता शब्द आहे: भानावर येणं. पालीत ‘सति’. ही ‘सति’ म्हणजे संस्कृतातली ‘स्मृती’, म्हणजे आठवणच. आपण इथे आहोत, याची आठवण. बुद्धांनी एक दृष्टान्त दिला आहे. साप, मगर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड यांना एकत्र बांधलं तर प्रत्येकजण आपापल्या दिशेला ओढणार, साप वारुळाकडे, मगर पाण्याकडे, माकड रानाकडे. तीच दोरी भक्कम खुंट्याला बांधली तर ओढून ओढून थकतील आणि खुंट्यापाशीच बसतील. सहा प्राणी ही सहा इंद्रियं, मन धरून. खुंटा म्हणजे शरीराचं भान. प्राण्यांना मारायचं नाही, हाकलायचंही नाही, हे मला त्यात फार आवडतं.

आमच्या भागात हे परकं नाही. पन्हाळेकाजीला कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत, मांदाडच्या खाडीवर कुड्याची २६. कुड्याच्या शिलालेखांत महाभोज घराण्याबरोबर माळी, वैद्य आणि लोखंडाचा व्यापारीही दाते म्हणून नोंदले आहेत. बाबासाहेबांचं आंबडवे तर शेजारच्या मंडणगडातलं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वाडीवाडीत विहार उभे राहिले, तिथे त्रिशरण-पंचशील म्हटलं जातं. सत्यनारायण गोयंकांनी १९६९ मध्ये भारतात शिकवायला सुरुवात केली, त्या दहा दिवसांच्या शिबिरातही पहिल्या दिवशी पंचशीलच घ्यावं लागतं, मग सुमारे साडेतीन दिवस नुसता श्वास. शील आधी का, हे मला तिथे बसल्यावर उमगलं. दुपारी कुणाशी खोटं बोललं असेल तर संध्याकाळच्या बैठकीत तेच समोर येऊन बसतं.

रोजच्या जगण्यात याचा सगळ्यात उपयोगी भाग मला दोन बाणांचा वाटतो. अजाण माणसाला बाण लागतो, आणि पाठोपाठ दुसरा बाणही लागतो, असं बुद्धांच्या सल्ल सुत्तात आहे. पहिला शरीराच्या दुःखाचा, दुसरा त्यावर मनाने केलेल्या आकांताचा. हापूसच्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. ऐन मोहोरात अवकाळी पाऊस पडला, मोहोर काळा पडला, फवारणीचे पैसे मातीत गेले, हा पहिला बाण. तो खरा आहे, तो ध्यानाने परत निघत नाही. त्याला विमा लागतो, भरपाई लागते. पण त्यानंतर रात्र रात्र जागून ‘माझंच नशीब असं, भावाची बाग कशी वाचली’ हे घोकत राहणं, हा दुसरा. फादेल झैदान यांनी २०११ मध्ये १५ जणांना चार दिवस रोज वीस मिनिटं ध्यान शिकवलं आणि पोटरीवर गरम पट्टी लावून वेदना मोजली. ध्यान करताना वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्के, तर तिचा नकोसेपणा ५७ टक्के कमी झालेला आढळला. प्रयोग लहान आहे, त्यावर इमारत बांधू नये. पण ‘दुखणं’ आणि ‘नकोसं होणं’ वेगवेगळं मोजता येतं, हे त्यातून समजतं.

इमारती मात्र भराभर बांधल्या गेल्या आहेत, आणि याची मला मनापासून चीड आहे. ‘आठ आठवड्यांत मेंदू वाढतो’ हा मजकूर तुम्हीही व्हॉट्सअॅपवर वाचला असेल. मॅडिसनच्या ज्या विद्यापीठातून रिचर्ड डेव्हिडसन यांनी ध्यानाचं संशोधन पुढे नेलं, तिथल्याच संशोधकांनी २०२२ मध्ये २१८ नवख्या लोकांवरची माहिती प्रसिद्ध केली: आठ आठवड्यांच्या शिबिराने मेंदूच्या रचनेत मोजता येईल असा बदल दिसला नाही. २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. झोप, वजन यांवर तेवढाही नाही. काहींना लांब शिबिरांत भीती उसळून येते, झोप उडते, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटतं, याच्याही नोंदी आहेत. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून ध्यानाला बसू नये. मन फारच बिघडलं असेल तर आधी डॉक्टर. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा, क्रमांक मराठीतही बोलतो.

तिबेटात ‘मनाला वळण लावणं’ याच अर्थाच्या नावाची एक परंपरा आहे, लोजोंग. तिचा उगम अतिश (९८२–१०५४) या बौद्ध आचार्यांकडे जातो. आपल्या गुरूला भेटायला ते समुद्रमार्गे सुवर्णद्वीपाला, म्हणजे सुमात्रेला गेले होते. या परंपरेत छोटी छोटी वाक्यं पाठ करून दिवसभर जवळ बाळगायची असतात, ‘सर्वांप्रति कृतज्ञ राहा’ अशासारखी. सोबत मैत्री आणि करुणेचा सराव. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या प्रयोगांत दुसऱ्याच्या दुःखात नुसतं सहभागी व्हायला शिकवल्यावर लोकांना अधिक वाईट वाटू लागलं. करुणेचा सराव दिल्यावर मेंदूची वेगळी जाळी जागी झाली आणि मन पुन्हा सावरलं.

हे मला मावशींमुळे नीट समजलं. त्यांचा मुलगा बोटीवर असतो. गेल्या हंगामात वारा वाढला, बंदरावर बावटा लागला, आणि बोट अजून आली नव्हती. त्या रात्री माझ्या पडवीत येऊन म्हणाल्या, “बाई, आता काय करू सांगा. आता श्वासबिस नाय सुचत.”

मी काही शिकवलं नाही. शेजारी बसले. बऱ्याच वेळाने विचारलं, “मावशी, कुठे होतंय?” त्यांनी गळ्यावर हात ठेवला. तिथेच राहू दे, म्हटलं. मग मी म्हटलं, आपण बोटीवरच्या सगळ्यांसाठी म्हणू: सगळे सुखरूप असोत. त्यांनी मुलाचं नाव घेतलं. मग तांडेलाचं घेतलं. मग एकेका खलाशाचं, आठवून आठवून. मग दुसऱ्या बोटींवरच्यांची नावं येऊ लागली, मला माहीत नसलेली, अगदी आंजर्ल्याच्या लोकांची. गळ्यावरचा हात कधी खाली आला ते मी पाहिलं नाही. नावं घेता घेता त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, “पत्रा वाजतोय तुमचा.”

वाजत होता. आम्ही दोघी ऐकत बसलो.